दादांबरोबर जळकोटला

माझी कंपनी तेव्हा काश्मीरमध्ये ताबारेषेवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. पोस्ट डोंगराच्या धारेवर आणि खाली तारबंदी. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज उभं राहायचं, मग चहा, शस्त्रांची सफाई आणि दिवसा पेट्रोल. हिवाळ्यात बर्फ, नंतर चिखल. माझ्या सेक्शनमध्ये नाईक बसवराज होता. तो तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटचा, मी तेरचा. दोघंही धाराशिव जिल्ह्यातले, म्हणून बाकीचे जवान आम्हाला गाववाले म्हणायचे. घरी तो कानडी बोलायचा, माझ्याशी मराठी. त्याच्या आईनं पाठवलेली शेंगांची चटणी तो सगळ्या सेक्शनला मोजून चिमूटभर द्यायचा आणि कोणी जास्त घेतली की दिवसभर त्याच्याशी बोलायचा नाही.

बर्फ वितळायला लागलं की जमिनीत पेरलेल्या जुन्या माइन, म्हणजे सुरुंग, पाण्याबरोबर सरकतात. नकाशावर एकीकडं असतात, जमिनीत दुसरीकडं. त्या दिवशी आम्ही तपासलेल्या वाटेनंच निघालो होतो. बसवराज पुढं स्काउट, त्याच्यामागं मी. नाल्याजवळ पहिला स्फोट त्याच्या पायाखाली झाला. मी सरपटत त्याच्याजवळ पोचलो, त्याला ओढायला गुडघ्यावर उठलो आणि दुसरा स्फोट झाला. माझा डावा पाय गुडघ्याखालून तुटला.

मागून रेडिओवर आवाज ऐकू येत होता.

"दोन कॅज्युअल्टी. माइन. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"कोणीही हलू नका. वाट साफ करणारी पार्टी निघाली आहे. ओव्हर."

पार्टीला एकेक पाऊल तपासत यायचं होतं. वेळ लागणारच होता. आम्ही दोघं शेजारी शेजारी पडलो होतो. बसवराजनं माझा हात धरला होता. तो बोलत होता. म्हणाला, साहेब, पाय लई गार पडलेत, बर्फात हाय का आपण? तिथं बर्फ नव्हतं. मी म्हणालो, व्हय, थोडं हाय. मग तो घरच्या म्हशीबद्दल बोलला. आईशिवाय ती कुणाला दूध काढू देत नाही, म्हणून आईला कुठं मुक्कामाला जाता येत नाही. हे सांगताना तो हसला. स्ट्रेचर आलं तेव्हा त्याचा हात माझ्या हातात तसाच होता, पण तो गेलेला होता.

मला पुण्याला मिलिटरी हॉस्पिटलमध्ये आणलं. जखम भरत होती. मी बोलणं बंद केलं होतं. माझी बायको सुनंदा रोज उशाशी बसायची, काही विचारलं तर मी भिंतीकडं तोंड करायचो. शेवटी तिनं तेरला फोन केला आणि दादांना बोलावून घेतलं.

दादा म्हणजे माझे आजोबा, रिटायर्ड सुभेदार. एकाहत्तरच्या लढाईत होते. तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. येडशीला गाडी धरून ते एकटेच आले. दाढी केलेली, बुटांना पॉलिश, डोक्यावर पांढरी टोपी. लढाईत तोफांच्या आवाजानं त्यांचा एक कान गेला होता, त्यामुळं ते फार मोठ्यानं बोलायचे. माझ्याशी जे बोलले ते सगळ्या वॉर्डनं ऐकलं.

"जळकोटला कवा जाणार?"

"दादा, मला उठता येत न्हाय."

"म्हणून तर इचारतो. कवा उठणार?"

मी म्हणालो, कुठल्या तोंडानं जाऊ? तो गेला, मी राहिलो. त्याच्या आईला मी काय सांगू?

दादा स्टुलावर बसले आणि मी कधीच न ऐकलेली गोष्ट त्यांनी सांगितली. लढाईत त्यांच्या प्लाटूनचे चार जवान गेले होते. दादा सुट्टीवर आले ते आधी त्या चार घरी गेले, मग आपल्या घरी. त्यांना वाटलं होतं, लोक विचारतील, तू कसा वाचलास? कुणीच ते विचारलं नाही. आपला माणूस तिकडं कसा राहायचा, काय खायचा, कुणाची थट्टा करायचा, हेच सगळ्यांना ऐकायचं होतं. त्यानंतर दादा दर वर्षी सुगी संपली की त्या घरी जात राहिले. आम्हाला वाटायचं, पेन्शनच्या कामाला जातात.

"त्यांचा माणूस शेवटी कसा व्हता, ते तूच पाह्यलंस," दादा म्हणाले. "तू न्हाय सांगितलं तर ते कोण सांगणार?"

पलीकडच्या खाटेवरचा एक नायब सुभेदार उठून बसला आणि दादांना सॅल्यूट केला.

मला कृत्रिम पाय बसवला. सुरुवातीला तो फार टोचायचा. सुट्टीवर तेरला आलो तेव्हा दादा मला रोज सकाळी तेरणेच्या काठानं चालायला न्यायचे. मी पडलो तर हात देत नसत. मी उठेपर्यंत नदीकडं बघत उभे राहत आणि उठलो की पुन्हा कदमताल सुरू करत. काठावर धुणं धुणाऱ्या बायका आधी हळहळायच्या, नंतर त्याच म्हणायला लागल्या, आज बरं पडतंय की पाऊल.

चालणं जमल्यावर आम्ही दोघं एस.टी.नं जळकोटला गेलो. बसवराजची आई मल्लव्वा ओसरीवर बसली होती. तिनं आधी माझ्या पायाकडं बघितलं, मग शेजारी जागा करून दिली. मग एकच गोष्ट विचारली.

"पोरगं एकटं व्हतं का रे?"

"न्हाय अव्वा. माझा हात धरून व्हता. शेवटपर्यंत बोलत व्हता."

काय बोलत होता ते मी सगळं सांगितलं. म्हशीचं ऐकल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसलीसुद्धा. त्या म्हशीला शिव्या घालतच ती चूल पेटवायला उठली. दादा आणि मी तिथं पोटभर जेवलो. निघताना ती म्हणाली, अजून काय काय आठवंल, ते सांगायला येत जा.

मी जात राहिलो. रिटायर झाल्यावर बाजूला दोन चाकं जोडलेली स्कूटर घेतली. मग दादांच्या चार घरीही मीच त्यांना न्यायला लागलो. मागं बसून ते रस्ताभर मोठ्यानं सूचना करायचे. नव्वदी ओलांडली तरी दाढी रोज, चहा वेळेवर. माझ्या मुलीच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाला त्यांनी रांगेत जेवायला बसवलं आणि एकाही माणसानं कुरकुर केली नाही.

गेल्या हिवाळ्यात, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, सकाळच्या उन्हात खाटेवर बसल्या बसल्या दादा गेले. त्रास झाला नाही. तेराव्याला आमच्या अंगणात ती चारही घरं आली. परंड्याकडून, भूमकडून, बार्शीहून, बीदरहून. गेलेल्या जवानांची नातवंडं, पतवंडं. त्यांच्यापैकी कुणीच आपला आजोबा पाहिलेला नव्हता. तरी एकेक जण उभं राहून सांगत होतं. शिपाई इब्राहिमला पोहता येत नव्हतं, तरी जखमी जोडीदारासाठी तो नदीत उतरला. शिपाई तुकाराम पहाऱ्यावर गुणगुणायचा आणि रोज बोलणी खायचा. लान्स नाईक दत्तूनं आपली घोंगडी दुसऱ्याला दिली होती. शिपाई शिवलिंगला सगळ्या प्लाटूनच्या मुलाबाळांची नावं पाठ होती. दादांनी सांगितलेलं त्यांनी आपापल्या घरात जपून ठेवलं होतं.

मल्लव्वा आता वाकली आहे. नातीच्या हाताला धरून ती आली होती आणि माझ्या शेजारी बसली होती. सगळ्यांचं सांगून झालं तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आता आमच्या बसवराजचं सांग."

मी उभा राहिलो आणि सांगायला सुरुवात केली.