मावशींचा ऑगस्ट

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या मंडळात किस्से कसे साठतात, हे मला अजून कळलेलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी वामन गजभियेच्या बेसमेंटमध्ये बुद्धवंदना होते, मग जेवण, आणि मग भांडी आवरताना कोणीतरी म्हणतं, "यार, तो बुटाचा किस्सा सांग ना!" एक ओढायला गेलं की चार बाहेर येतात. इटलीतल्या काप्री बेटाच्या ट्रिपचे तर इतके झालेत, की जी माणसं आलीच नव्हती तीसुद्धा आता स्वतः बोटीत बसल्यासारखी सांगतात! म्हणून म्हटलं, एकदा आपणच नीट सांगून टाकावेत. मी खरोखर बोटीत होतो, एवढाच माझा अधिकार.

*

आधी आमची एक खोड सांगायला हवी. आम्ही कोणी नागपूरचे, कोणी सोलापूरचे, पण लहानपण सगळ्यांचं सभांमध्ये गेलेलं. सभेला अध्यक्ष हवा, ठराव हवा, आणि शेवटी आभारप्रदर्शन हवंच हवं. ही सवय विमानातून आमच्याबरोबर इकडे आली. वामन व्यवसायाने पुलांचा इंजिनियर, पण दोन माणसं उभी दिसली की त्याला तिसरा अध्यक्ष लागतो!

एका जानेवारीत इतका स्नो पडला की गाड्या दिसेनात. वामनचा ड्राइव्हवे साफ करायला आम्ही चौघे फावडी घेऊन जमलो. वामन म्हणाला, "आधी ठरवून घेऊ, सुरुवात कुठून करायची." झालं! खाली बेसमेंटमध्ये चहा, अध्यक्षांची निवड, मग गॅरेजकडून की रस्त्याकडून यावर दोन्ही बाजूंनी मुद्देसूद भाषणं. ठराव मंजूर करून बाहेर आलो तर ड्राइव्हवे लख्ख! शेजारच्या बॉबने आपलं मशीन फिरवताना आमचंही काम उरकून टाकलं होतं.

वामनने घसा साफ केला.

"आता आभारप्रदर्शन," तो म्हणाला. बॉब बिचारा दहा मिनिटं त्या थंडीत उभा होता.

*

वामनची आई म्हणजे आम्हा सगळ्यांच्या मावशी. सत्तरीच्या घरात, नागपूरजवळच्या खेड्यातल्या. वडील गेल्यावर वामनने त्यांना इकडे आणलं. सकाळी वामन आणि त्याची बायको निर्मला शिकागोची ट्रेन पकडायचे, नात पल्लवी शाळेत जायची, आणि मग त्या घरात मावशी आणि खिडकीबाहेरचा पांढरा रंग, एवढंच उरायचं.

किचनमध्ये एक कॅलेंडर होतं, कोपऱ्यावरच्या पिझ्झावाल्याने फुकट दिलेलं. दर महिन्याला इटलीतलं एक चित्र. ऑगस्टला होती काप्रीची निळी गुहा. आत अंधार, आणि पाणी मात्र खालून कोणी दिवा लावल्यासारखं निळं. सप्टेंबर लागला, निर्मलाने पान उलटलं. संध्याकाळी घरी येऊन बघते तर ऑगस्ट! पुन्हा उलटलं, पुन्हा ऑगस्ट.

"आई, अहो नोव्हेंबर चाललाय!"

"चालू दे ना बापा. बाहेर पाह्यलं का? सारं पांढरंच पांढरं. मले हे पाह्यचं हाय."

निर्मलाची डेंटिस्टची अपॉइंटमेंट हुकली, पल्लवीची स्कूल ट्रिप हुकता हुकता राहिली, पण पान काही उलटलं नाही. पल्लवी मैत्रिणींना सांगायची, "माय आजी लिव्ह्ज इन ऑगस्ट!"

एकदा मी तिथे चहाला बसलो होतो. बाहेर बर्फ अगदी सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखं पडत होतं. मावशी कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, "हे पानी खरं असन का रे?" मी म्हटलं, खरंच आहे. मग त्या म्हणाल्या, "त्यात हात घातला, तर हाताचं काय होत असन?"

त्या दिवसानंतर ट्रेनमध्ये बसलो की मलाही ते निळं दिसायला लागलं.

*

मावशींना गावातली लायब्ररी फार आवडायची. पुस्तकांसाठी नव्हे, तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या नळासाठी! बटण दाबलं की गार पाण्याची धार वर येते, तो नळ. माझी बायको सुनीता शनिवारी त्यांना घेऊन जायची. एकदा पुस्तकं बदलून येते तर मावशी नळाजवळ उभ्या, आणि येईल त्याच्यासाठी स्वतः बटण दाबतायत. पोरं, म्हातारे, एक पोलीससुद्धा! सगळे वाकून पितायत, थँक यू म्हणतायत.

सुनीता म्हणाली, "मावशी, ते आपापलं दाबतात."

"दाबू दे. मी हाय ना इथं." मग घरी येताना गाडीत त्यांनी आपणहून सांगितलं. लहानपणी गावच्या विहिरीला आपल्या माणसांनी हात लावायचा नव्हता. घागर घेऊन लांब उन्हात उभं राहायचं, आणि कोणाला दया आली तर त्याने वरून ओतायचं. कधी दुपार जायची. "तहानेल्या मानसाले उभं ठेवू नये," एवढंच म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. सुनीताने मला आणि वामनला हे सांगितलं तेव्हा तिला रडू आवरलं नाही. वामनला आईने आजवर यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

लायब्ररीतल्या बाईंनी मात्र पुढच्या शनिवारी सुनीताला हळूच विचारलं, "त्या आमच्या व्हॉलंटियर आहेत का? कारण आम्हाला अशा अजून दोन हव्यात!"

*

पुढच्या मार्चमध्ये मावशींनी जाहीर केलं, "आता मी नागपूरले जातो. कायमची." गुडघे जवळजवळ गेलेच होते, आणि आणखी एक हिवाळा त्यांना नको होता. डॉक्टरांनी वामनला बाजूला घेऊन सांगितलं की यापुढे इतका लांबचा प्रवास एकदाच, परतीचाच.

वामनने तातडीची सभा बोलावली. ठराव असा होता: "जाण्यापूर्वी मातोश्रींना ऑगस्ट दाखवण्यात यावा." एकमताने मंजूर! शिकागोहून सरळ भारतात न जाता, मध्ये इटलीत चार दिवस. नेपल्सहून काप्रीची एका दिवसाची गाइडेड ट्रिप, स्मॉल ग्रुप, जास्तीत जास्त आठ माणसं. गजभिये मंडळी चार, मी आणि सुनीता दोन, आणि टेक्ससचं एक रिटायर्ड जोडपं. ब्रोशरमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की समुद्र खवळलेला असला तर गुहा बंद राहील. ते वामनने वाचलं आणि आईला सांगितलं नाही.

ट्रॅव्हल एजंट म्हणाली, "आठ म्हणजे फारच छोटा ग्रुप."

"आठ?" वामन म्हणाला. "आठ म्हणजे कार्यकारिणी झाली!"

ट्रिपच्या अध्यक्षपदी अर्थातच मावशी. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. चाळीस वर्षं त्यांनी सभा ऐकल्या होत्या त्या मागे, सतरंजीवर बसून. एरवी वऱ्हाडीत बोलणाऱ्या मावशी त्या दिवशी बेसमेंटमधल्या खुर्चीत ताठ बसल्या आणि अगदी पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "कोणाची हरकत आहे का?" सगळे गप्प. "मंजूर."

*

नेपल्सच्या धक्क्यावर आमची गाइड रोझाना, हातात पिवळी छत्री. मावशी पांढऱ्या साडीवर पांढरे स्नीकर्स घालून तयार. बोट सुटली आणि तासाभरात धुक्यातून ते बेट वर आलं. आम्ही सगळे बोलायचे थांबलो. वामनसुद्धा!

उतरल्या उतरल्या रोझाना एका खलाशाशी बोलली आणि तिचा चेहरा पडला. "सॉरी. आज लाटा मोठ्या आहेत. गुहा बंद."

वामनने तिला लाटांची उंची, वाऱ्याचा वेग, गुहेच्या तोंडाची रुंदी असं सगळं विचारलं. ती शेवटी म्हणाली, "सर, इथे समुद्र ठरवतो."

"समुद्राचा अध्यक्ष कोण आहे?" वामन तावातावाने म्हणाला. पल्लवीने तोंड दुसरीकडे फिरवलं.

मावशी आपल्याच पदराचं टोक बोटांना गुंडाळत समुद्राकडे बघत राहिल्या. मला तर त्या ब्रोशरचा आणि वामनचा एकदम राग आला.

*

मग रोझानाने आम्हाला डोंगरावर नेलं. तिथे चेअरलिफ्ट होती, एकेका माणसाची खुर्ची, तारेला टांगलेली. दोघांनी धरून मावशींना बसवलं आणि त्या निघाल्या. मी मागच्या खुर्चीत. बारा मिनिटं काही आवाज नाही. पायांखालून द्राक्षांचे मांडव जातात, लिंबाची झाडं जातात, कोणाच्या तरी दोरीवरचे कपडे जातात. पुढे पांढरी साडी वाऱ्यावर हलतेय, आणि डावीकडे खाली सगळा निळा समुद्र. मला वाटलं, ही खुर्ची कुठे पोचलीच नाही तरी चालेल.

एवढ्यात मावशींचा डावा बूट निसटला आणि खाली एका बागेत पडला! खाली एक म्हातारी लिंबं तोडत होती. तिने वर बघितलं. मावशींनी वरून हात जोडले. तिने बूट उचलून हलवला.

तासाभराने आम्ही खाली आलो तर तिकिटाच्या खिडकीत बूट ठेवलेला. आत एक मोठं लिंबू! मावशींनी ते हुंगलं, ओच्यात घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी विमानात एअर होस्टेसलाही हात लावू दिला नाही.

*

दुपारचं जेवण एका छोट्या हॉटेलात झालं. परतीची बोट साडेचारला. निर्मलाने पिशवीतून आणलेला ठेचा टेक्ससच्या काकांनी पिझ्झावर घेतला आणि बराच वेळ ते फक्त पाणी पीत होते. गुहा तर आता होणार नव्हती. तेव्हा वामन उभा राहिला. आता कार्यक्रम संपत आला असल्याने, आभारप्रदर्शन! त्याने रोझानाचे आभार मानले, बसच्या ड्रायव्हरचे मानले, चेअरलिफ्टचे, लिंबूवाल्या म्हातारीचे मानले. शेजारच्या टेबलांवरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. टेक्ससच्या काकूंनी मला विचारलं, "हे कसल्या इलेक्शनला उभे आहेत?"

शेवटी वामन आईकडे वळला. "आईला जे दाखवायचं होतं ते दाखवता आलं नाही, याबद्दल मी, म्हणजे मंडळातर्फे, दिलगिरी व्यक्त करतो. आणि ही सभा संपली असं जाहीर..."

तेवढ्यात रोझाना पळत आली. "ओपन! समुद्र शांत झालाय, गुहा उघडली! पण आत्ताच्या आत्ता निघायचं!"

वामन उभाच. "पण मी सभा संपल्याचं..."

"खाली बैस," मावशी म्हणाल्या. "अध्यक्ष मी हाय."

*

आता शेवटचा.

गुहेच्या तोंडापाशी मोठ्या बोटीतून छोट्या होडीत उतरावं लागतं. एका होडीत चौघं: मावशी, वामन, पल्लवी आणि मी. दोन खलाशांनी मावशींना अलगद उचलून होडीत ठेवलं. गुहेचं तोंड इतकं ठेंगणं, की सगळ्यांनी होडीत आडवं पडायचं. नावाड्याने कातळातली साखळी धरून होडी आत ओढली, काळा दगड नाकावरून सरकत गेला, आणि अंधार झाला.

मग आम्ही उठून बसलो.

ते कॅलेंडर खोटं होतं. कागदावर तो रंग येतच नाही! पाणी खालून उजळलेलं, आमचे चेहरे निळे, मावशींची साडी निळी. मला माझी आई आठवली, का ते माहीत नाही.

मावशी कडेला झुकल्या तशी होडी कलली. नावाडी ओरडला, "नो, नो! नो टच वॉटर!"

"काय म्हनते तो?" मावशींनी नातीला विचारलं.

पल्लवीला बिचारीला विहिरीचं काहीच माहीत नव्हतं. ती आपल्या तुटक्या मराठीत म्हणाली, "आजी, तो सांगतो, तू पाण्याला हात नाही लावायचा."

माझ्या शेजारी वामनचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. गुहेत कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

मावशी सावकाश सरळ बसल्या. पदर खोचला. हातातल्या बांगड्या मागे सारल्या. मग एकेकाकडे बघितलं: पल्लवीकडे, माझ्याकडे, वामनकडे, आणि सगळ्यात शेवटी नावाड्याकडे.

"कोणाची हरकत आहे का?"

नावाड्याने उघडलेलं तोंड मिटलं. वल्ही पाण्यातून वर काढली आणि धरून ठेवली.

मावशींनी दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. ते निळे झाले नाहीत. चांदीचे झाले.

"मंजूर," मावशी म्हणाल्या.