खालची खाट

अर्जदाराचं नाव: ब्रिटा लुईस सोर्ली. वय: अठरा. उंची: पाच फूट नऊ इंच. मुक्काम: टॉर्डाल, मिनेसोटा, लोकसंख्या तीनशे बारा, गाईगुरं वेगळी. झोपेची वेळ: कोणतीही. खोलीत गारवा हवा की ऊब: जे असेल ते. संगीत: हरकत नाही. पाहुणे: हरकत नाही. खाट वरची हवी की खालची: कुठलीही चालेल. प्रश्न सतरावा, खोलीतल्या सोबत्यांना आधी माहीत असावं असं काही: नाही.

विद्यापीठाच्या निवास कार्यालयाला असा अर्ज म्हणजे देवानेच पाठवलेली उशी. कुठेही ठेवा, कुणाच्याही डोक्याखाली सरकवा, तक्रार नाही.

हा अर्ज ब्रिटाने मार्च महिन्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भरला. समोर तिची आई जोलीन बटाटे सोलत होती. सतराव्या प्रश्नाशी ब्रिटा थांबली आणि तिने आईकडे बघितलं. आईने बटाट्याकडे बघितलं. मग म्हणाली, "उगाच कशाला त्या लोकांना घोर लावायचा? त्यांच्यामागे काय कामं थोडी असतात?" ब्रिटाने 'नाही' वर खूण केली.

खोटं बोलायचा दोघींचाही इरादा नव्हता. टॉर्डालमध्ये आपल्याला काय हवं ते तोंडाने सांगणं हे जेवताना ढेकर देण्यासारखं समजतात. चर्चच्या तळघरात कॉफी असते तेव्हा ताटातला केकचा शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. अर्धा उचलतात, मग उरलेल्याचा अर्धा, आणि शेवटी चिमणीला पुरेल एवढा चुरा ताटासकट धुतला जातो. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा खरंच नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा 'बरं, एवढं म्हणताय तर' म्हणून घ्यायचं. देणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, त्यामुळे तो तीनदा विचारतो. शंभर-सव्वाशे वर्षं या पद्धतीने कुणी उपाशी राहिलेलं नाही.

आता सतराव्या प्रश्नाचं खरं उत्तर. ब्रिटा झोपेत चालते.

लहानपणी ती जिन्यापर्यंत जायची आणि परत यायची. घरात कुणाला त्याचं विशेष वाटत नसे. पण ती चौदा वर्षांची असताना एका जानेवारीत ती दार उघडून अंगणात गेली, अंगण ओलांडून ट्रॅक्टरच्या शेडपर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली. अनवाणी. थंडी शून्याखाली अठ्ठावीस होती. तिचे वडील डेल पहाटेच्या दुधासाठी उठले म्हणून ती सापडली. डाव्या पायाची दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली. दुसऱ्या दिवशी डेलने गोठ्यातल्या एका म्हाताऱ्या गाईच्या गळ्यातली घंटा काढली आणि दोन स्क्रूंनी ब्रिटाच्या खोलीच्या दाराला बसवली. तेव्हापासून दार हललं की घंटा वाजते, डेल उठतात, मुलीला खांद्याला धरून परत निजवतात. सकाळी जोलीन म्हणते, "काल वारा होता बहुतेक." तिघंही मान हलवतात.

जुलैच्या शेवटी विद्यापीठाचं पत्र आलं. चौथा मजला, खोली चारशे बारा. खोली दोघींची, पण त्या वर्षी मुली जास्त भरल्यामुळे तिघींची केलेली. एक एकेरी खाट, आणि खिडकीला लागून एकावर एक अशा दोन. सोबतिणी दोन: न्यू जर्सीची इमोजेन केसलर आणि सेंट पॉलची माय येर वांग.

चार दिवसांनी इमोजेनचा फोनवर निरोप आला. मुलगी कामाची असावी. तिने लिहिलं होतं की तिची झोप फार हलकी आहे, म्हणून कोपऱ्यातली एकेरी खाट ती घेते. माय येरचा गुडघा व्हॉलीबॉल खेळताना दुखावला आहे, म्हणून तिला खालची. राहिली खिडकीजवळची वरची. ती ब्रिटाला चालेल का?

ब्रिटा तेव्हा गोठ्यात होती. अंगठ्याने तिने लिहिलं, "चालेल की."

मग ती थांबली. आता इमोजेन विचारणार, नक्की ना? मग आपण म्हणणार, हो गं, काही नाही त्यात. मग ती विचारणार, अगदी खरं सांग. मग आपण सांगणार. अकरा गाईंचं दूध काढून होईपर्यंत ती थांबली. फोन वाजला. इमोजेनने लिहिलं होतं, "मस्त! मग ठरलं."

त्या दिवसापासून ब्रिटाला जेवण जाईना. तिने विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वरच्या खाटेची उंची शोधून काढली: पाच फूट सात इंच. शेडमधल्या शिडीवर खडूने तेवढ्या उंचीवर खूण केली, तिथे चढून उभी राहिली आणि खाली बघितलं. खाली फरशी होती. खोलीच्या चित्रात खिडकी दिसत होती, पण ती किती उघडते ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिने ते चित्र बोटांनी इतकं मोठं करून बघितलं की खिडकीचे नुसते चौकोनी ठिपके राहिले.

पडण्याची भीती होतीच. पण तिच्याही मागे आणखी एक भीती उभी होती. आपण कधीतरी परक्या मुलीच्या उशाशी डोळे उघडे ठेवून उभ्या असू, ती जागी होईल, किंचाळेल, मग कार्यालयात बोलावणं येईल, मग अर्ज काढतील, त्यातला सतरावा प्रश्न दाखवतील आणि आईला फोन करतील. न्यायला या म्हणून. मग वडिलांना एका संध्याकाळचं दूध कुणाला तरी सांगून तीन तास गाडी हाकत यावं लागेल. तिला सगळ्यात जास्त भीती या दुधाची वाटत होती.

एकदा तिने धीर करून निवास कार्यालयाला फोन लावला. तिकडच्या बाईने गोड आवाजात विचारलं, काही अडचण आहे का? ब्रिटा म्हणाली, नाही नाही, अडचण कसली, सहज केला होता. मग तिने बाईंचा वेळ घेतल्याबद्दल दोनदा माफी मागितली आणि त्यांच्याकडे पाऊस कसा आहे ते विचारून फोन ठेवला.

सांगायचं वाक्य तिने एका वासरापुढे बसून पाठ केलं. पहिल्या दिवशी ते वाक्य होतं, 'मला खालची खाट हवी.' तिसऱ्या दिवशी झालं, 'खालची मिळाली तर बरं होईल.' आठवड्याअखेर ते 'म्हणजे कुणालाच नको असली तर, आणि नाही मिळाली तरी काही नाही' इथपर्यंत आलं. वासरू चघळत राहिलं. त्याने एकदाही परत विचारलं नाही.

शेवटचा उपाय म्हणून तिने न झोपण्याचा सराव सुरू केला. जागरणाने असं चालणं वाढतं हे तिला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, पण भ्यालेल्या माणसाला आपण हुशारीच करतो आहोत असं वाटतं. त्या आठवड्यात घंटा दोनदा वाजली. "वारा सुटलाय अलीकडे," जोलीन म्हणाली. आईने स्वतःची भीती घालवण्यासाठी विद्यापीठाच्या लांबड्या खाटेच्या मापाच्या तीन चादरी शिवल्या. तीन माणसांना पुरेल एवढं बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये शिजवलेलं मांस-बटाट्याचं कालवण, चार भांड्यांत करून गोठवलं. नव्या ठिकाणी गेल्यावर ही सवय आपोआप जाईल, असं ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मुलीकडे न बघता.

निघायच्या सकाळी डेल गोठ्यातून बूट न काढता दारापर्यंत आले. ते येणार नव्हते. दूध कुणी काढायचं? त्यांनी शेवटचं खोकं स्वतः उचलून गाडीत ठेवलं, त्यावर तळहात ठेवून जरा वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, "तेल बघून ठेवलंय गाडीचं." टॉर्डालमध्ये बाप मुलीला याहून जास्त काही म्हणाला तर लोक डॉक्टरला बोलावतील.

तीन तासांच्या वाटेत जोलीन दुसऱ्यांच्या मक्याविषयी बोलत होती. कुणाचा पिवळा पडलाय, कुणाचा उशिरा पेरलाय. ब्रिटा मनातल्या मनात वाक्य म्हणत होती. ते आता इतकं मऊ झालं होतं की त्यात खाट हा शब्दच उरला नव्हता.

खोलीत दोघी आधीच आलेल्या होत्या. इमोजेन बुटकी, चटपटीत, भिंतीवर मोजपट्टी लावून बसलेली. माय येर गुडघ्याला पट्टा बांधून खालच्या खाटेवर पाय लांब करून होती. तिने बसूनच सगळ्यांना शेंगदाणे दिले. ब्रिटा नको म्हणाली. पिशवी पुढे गेली. खिडकी उघडी होती. किती उघडी, ते ब्रिटाने आत पाऊल टाकायच्या आधीच बघितलं होतं: माणूस जाईल एवढी.

जोलीन चादर घेऊन शिडीने वर चढली. चादरीचा कोपरा तिच्या हातून दोनदा निसटला. वरून ती म्हणाली, "छान हवा येते हं इथे."

इमोजेन स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हती. तिने मदत म्हणून शेवटचं खोकं उघडलं, वरचं भांडी पुसायचं फडकं ओढलं, आणि खोलीत घंटा वाजली. ठण्ण. चौथ्या मजल्यावर, एवढ्याशा खोलीत, ती गोठ्यातल्यापेक्षा तिप्पट मोठी वाटली.

"हे काय?" इमोजेन म्हणाली. "गाय पण राहायला येणारे का आपल्यात? तिला कुठली खाट द्यायची?"

माय येर हसली. जोलीन शिडीवरून घाईघाईने म्हणाली, "ह्यांनी चुकून टाकली असेल. द्या इकडे, मी परत नेते."

सुटकेचा रस्ता असा समोर होता. ब्रिटाने घंटा हातात घेतली. फडक्याच्या आत, चिकटपट्टीने नीट चिकटवलेले दोन स्क्रू होते. त्यांच्याखाली लहान स्क्रूड्रायव्हर. चुकून काहीच टाकलेलं नव्हतं. म्हणजे घरी तिच्या दाराला आता दोन भोकं तेवढी होती.

"दाराला लावायचीय," ती म्हणाली. "मी झोपेत चालते."

इमोजेनच्या हातातली मोजपट्टी सर्रकन आपोआप आत गेली.

"कितपत चालतेस?"

"एकदा बर्फात गेले होते. दोन बोटं गेली."

इमोजेनने आधी तिच्या पायांकडे बघितलं, मग वरच्या खाटेकडे, मग खिडकीकडे. तिचा चेहरा उतरला. "आणि मी विचारलं तेव्हा चालेल म्हणालीस? ही खाट?"

"तू एकदाच विचारलंस."

"मग किती वेळा विचारायचं असतं?"

"तीनदा," जोलीन शिडीवरून म्हणाली. तिला कुणी विचारलेलं नव्हतं. पण एवढी साधी गोष्ट एखाद्या मोठ्या मुलीला ठाऊक नसावी, याचं तिला खरंच वाईट वाटलं होतं.

माय येरने शेंगदाण्याचं टरफल थुंकलं. "आमच्याकडे दोन खोल्यांत आठ जणं झोपतो. धाकटी झोपेत गुद्दे घालते. चालणारी परवडली. पण बाई, मला काही वर चढता येणार नाही."

म्हणजे राहिली इमोजेन, हलक्या झोपेची. तिने खिडकी ओढून बंद केली, कडी लावली, कडी पुन्हा हलवून बघितली. ती घाबरली होती आणि ते तिने लपवलं नाही. न्यू जर्सीत बहुधा लपवत नसावेत. मग ती ब्रिटाकडे वळली.

"माझी कोपऱ्यातली खाट घेतेस?"

"नको, असू दे, मी बघते काहीतरी."

"घेतेस?"

"अगं खरंच नको."

"ब्रिटा, हे तिसरं आहे. घेतेस?"

ब्रिटाला वासरापुढे म्हटलेल्या वाक्यातलं काहीच आठवत नव्हतं.

"घेते," ती म्हणाली.

जोलीनने वरची चादर काढून खाली कोपऱ्यातल्या खाटेवर घातली. स्क्रू ब्रिटाने स्वतः पिळले. निघताना आई म्हणाली की हॉटडिश आधी नीट गरम करा, आणि गाडीत बसून बराच वेळ तिने किल्ली फिरवली नाही.

निवास कार्यालयाच्या दप्तरात खोली चारशे बारापुढे आजही नोंद आहे: सोबत्यांना आधी माहीत असावं असं काही, नाही.

पहिल्या आठवड्यात घंटा तीनदा वाजली. तिन्ही वेळा इमोजेन उठली.