गोव्यापर्यंत झोप लागली तर

भाऊसाहेबांच्या झोपेचा विषय निघाला की आमच्या टपरीवरचा चहा हमखास गार होतो. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला त्याहून भारी आठवतो. भाऊसाहेब स्वतः तिथेच बसलेले असतात आणि 'असं नव्हतं, नीट सांगा' म्हणत आणखी भर घालतात. त्यात यंदा आम्ही सगळे क्रूझवर जाऊन आलो. मग काय विचारता! दूध आणायला म्हणून निघालेला माणूस टपरीवर अडकतो आणि घरून फोन येईपर्यंत उठत नाही.

आम्ही म्हणजे मी जोशी, पिशोरचे भाऊसाहेब आणि जब्बारभाई. तिघेही वाळूजच्या एकाच कंपनीतून रिटायर झालो. मी स्टोअरला, भाऊसाहेब अकाउंट्सला आणि जब्बारभाई प्रेस शॉपला. जन्मभर मशीनच्या दणदणाटात राहून जब्बारभाईंना कमी ऐकू येतं आणि भाऊसाहेबांना नको इतकं ऐकू येतं. या दोघांना एकत्र करून सारखं वाटलं तर दोन धड माणसं होतील, असं माझी बायको सुधा म्हणते.

* * *

पुंडलिकनगरात भाऊसाहेबांच्या घरी भिंतीवर घड्याळ नाही. ते गव्हाच्या कोठीत असतं. वेळ बघायची तर झाकण उघडून बघायची. फ्रिज व्हरांड्यात आहे आणि पाहुण्यांना पाणी हवं असलं तर चप्पल घालून जावं लागतं.

एकदा भल्या सकाळी भाऊसाहेब हातात पाना घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभे. शेजारी नवीनच राहायला आले होते, अजून नीट ओळखही नव्हती.

"तुमच्या नळाचा वायसर गेलाय. मी आणलाय नवा, बसवून देतो."

"कुठला नळ?" शेजारी गोंधळले.

"मागच्या मोरीतला. डाव्या हाताचा."

शेजारी आत गेले, मोरीत बघून आले आणि दारातून बाजूला झाले. त्या घरात भाऊसाहेबांनी त्याआधी पाऊलही टाकलेलं नव्हतं!

* * *

हे सगळं ऐकायला मजेचं आहे, पण यात मंगलवहिनींचं आयुष्य गेलं. महाबळेश्वर ठरलं, रद्द झालं. केरळ ठरलं, तेही रद्द. नाशिकला एकदा खरोखरच पोचले, तर लॉजच्या पंख्याचा आवाज सहन न होऊन भाऊसाहेबांनी त्यांना मिळेल त्या एसटीने परत आणलं. कन्नडची लेक पिशोरला दिली आणि तिथून इथं आली, एवढाच त्यांचा प्रवास. पण बाईंनी कधी तोंडातून ब्र काढला नाही.

मुलीने आईबापाच्या लग्नाच्या वाढदिवसाला क्रूझ ठरवली तेव्हा मात्र वहिनी पहिल्यांदा बोलल्या. मुंबईहून गोवा, गोव्याहून लक्षद्वीप.

"मला जायचंय," त्या म्हणाल्या. "तिकडं म्हणे चहूकडं नुसतं पाणी असतं अन् मधी आपण. एवढं एकडाव बघायचंय."

भाऊसाहेबांना नाही म्हणवेना. त्यांनी अट घातली.

"गोव्यापर्यंत झोप लागली तर पुढं. नाय लागली तर गोव्याला उतरायचं अन् रेल्वेनं घरी."

आता गोव्यापर्यंतचा प्रवास रात्रीचा, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने. म्हणजे वहिनींचा समुद्र गोव्याच्या पुढेच सुरू होणार होता. त्या नुसतं 'बरं' म्हणाल्या. आम्ही मात्र त्याच दिवशी टपरीवर ठरवलं की सगळ्यांनी सोबत जायचं आणि काहीही करून या माणसाला गोव्यापर्यंत झोपवायचं!

* * *

केबिन निवडताना भाऊसाहेबांनी जी चौकशी केली, ती त्यांनी मुलीच्या स्थळासाठीही केली नसेल. बुकिंगवाली पोरगी फोनवर, आम्ही सगळे भोवती.

"वर कोण राहतं? खाली कोण? लिफ्ट किती लांब? नाचायची जागा कुठंय? खुर्च्या सरकवतात ती खोली नको. इंजिन तर लई लांब पाहिजे."

पोरगी बिचारी गुणी होती. तिने बराच वेळ शोधलं आणि म्हणाली, "सर, ही पूर्ण बोटीतली सगळ्यात शांत केबिन आहे. मधोमध. वर केबिन, खाली केबिन. इंजिन ऐकूसुद्धा येणार नाही."

भाऊसाहेबांनी विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं. मग सहज विचारलं, "शेजारी कोण?"

"तुमचीच मंडळी, सर. तुमच्या मॅडमनीच सांगितलं ना, माणसं जवळजवळ पाहिजेत म्हणून. जब्बारभाई म्हणून कोणी आहेत. मध्ये दारही आहे, उघडता येतं."

आता जब्बारभाईंच्या घोरण्याबद्दल एवढंच सांगतो. कंपनीच्या बसमध्ये त्यांचा डोळा लागला की नवा ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडायचा.

* * *

मुंबईला बोटीवर चढलो. सगळे लोक डेकवर फोटो काढत होते, गाणी चालू होती, मी तर पोरासारखा कठड्याला लटकलो होतो. काय ती बोट! आमच्या कॉलनीच्या चार गल्ल्या आत मावतील एवढी! आणि भाऊसाहेब कुठे? भाऊसाहेब केबिनमध्ये, कान देऊन.

मी गेलो तेव्हा ते कपाटासमोर उभे होते. बोट डुलली की हँगर एकमेकांना लागून किणकिण करायचे. भाऊसाहेबांनी सगळे टॉवेल घेऊन एकेका हँगरला गुंडाळले. खण खडखडत होते, त्यांत मोजे कोंबले. बाथरूमचं दार चुळबुळत होतं, त्यात वर्तमानपत्राची घडी. टॉवेल संपले तेव्हा त्यांची नजर पलंगाकडे गेली. केबिन आवरणाऱ्या माणसाने टॉवेलचाच एक छान हत्ती करून उशीवर ठेवला होता.

"अहो, ऱ्हाऊ द्या तो," वहिनी म्हणाल्या. "किती कष्टानं केलाय."

हत्ती सोंडेपासून सुटला आणि पाणी गळणाऱ्या शॉवरखाली गेला.

थोड्या वेळाने तो माणूस काही हवं नको विचारायला आला. त्याने कपाट पाहिलं. आत पट्ट्या बांधलेले हँगर ओळीने लटकत होते. मग रिकाम्या उशीकडे पाहिलं. "सर," तो हळूच म्हणाला, "हाथी पसंद नहीं आया?"

* * *

एवढं करून केबिन खरोखरच चिडीचूप झाली. तिथेच घोटाळा झाला. सगळं शांत झाल्यावर भाऊसाहेबांना बारीक बारीक आवाज सापडायला लागले. दिव्याचा गूं आवाज. भिंतीतली टिकटिक. कॉरिडॉरमधून कुणीतरी कार्डाने उघडलेलं दार.

त्यांनी रिसेप्शनला फोन केला. तिथून स्पंजाचे बोळे आले, मऊ, केशरी, कानात घालायचे. भाऊसाहेबांनी ते घातले, आडवे झाले आणि लगेच ताडकन उठून बसले.

"मंगल, दार कोण वाजवतंय?"

वहिनींनी दार उघडून पाहिलं. कोणी नव्हतं. त्यांनी नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, हे तुमचं काळीज वाजतंय."

* * *

मग जब्बारभाईंचा त्याग. हा माणूस मनाने सोनं आहे. मधलं दार उघडून ते आत आले आणि त्यांनी जाहीर केलं, "भाऊसाब, मेरे घोरने से तुम्हारी नींद खराब होती ना? तो मैं सोताच नै. तुम सो गए की फिर मैं सोता. जाव, आराम से सो."

भाऊसाहेबांना गहिवरून आलं. ते डोळे मिटून पडले. जब्बारभाई दारापाशी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. केबिनमध्ये खरोखर शांतता झाली. भाऊसाहेब सांगतात की त्या क्षणी झोप अगदी पापणीपर्यंत आली होती.

आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या कुजबुजीत जब्बारभाईंनी विचारलं, "सो गए क्या?"

असं ते पहाटेपर्यंत विचारत होते. त्यांना खात्री करून घ्यायची होती हो!

* * *

सकाळी गोवा आला. भाऊसाहेबांचे डोळे कांद्यासारखे लाल. बॅग भरून दाराशी ठेवलेली. वहिनींनी बेटावर नेसायला नवी साडी आणली होती, तिची घडीसुद्धा मोडली नव्हती. सुधाने ती बॅगेत सगळ्यात वर बघितली आणि तिला भरून आलं. मला तर भाऊसाहेबांचा संताप आला. पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. झोप नाही म्हणून नव्हे, बायकोचं मन मोडलं म्हणून तो माणूस खचला होता.

वहिनी कुठे दिसेनात. निघण्याआधी एकदा समुद्र बघून येते म्हणाल्या होत्या. भाऊसाहेब त्यांना आणायला गेले. ते येईनात म्हणून आम्हीही शोधत निघालो.

बोटीच्या पार मागच्या टोकाला एक कोपरा आहे, तिथे कोणी बसत नाही. खालच्या इंजिनाची गरम हवा मोठ्या जाळ्यांतून बाहेर येते आणि अखंड घरघर चालू असते; गोव्याच्या धक्क्यालाही इंजिन बंद केलेलं नव्हतं. बोलायचं तर ओरडावं लागतं. तिथे वहिनी बसल्या होत्या, आणि त्यांच्या खांद्यावर मान टाकून भाऊसाहेब झोपले होते. तोंड उघडं, चप्पल एक पायात, एक खाली!

वहिनींनी बोट ओठांवर ठेवलं. त्या घरघरीत ते बोट ठेवायची काहीच गरज नव्हती.

"मी म्हणलं, पाच मिनिटं बसा," त्या सुधाला जवळ ओढून तिच्या कानाशी सांगायला लागल्या. "बसले अन् गेलेच. मलाच इसर पडला होता बघा. लग्न झालं तवा आम्ही पिशोरच्या वावरात ऱ्हायचो. हे विहिरीपाशी मोटर चालू करायचे अन् तिथंच बाजेवर झोपायचे. मोटर चालू असली की ढोल वाजवा, उठायचे नाय. बंद पडली की मातर ताडकन उठायचे, मला म्हणायचे, मंगल, मोटर बंद पडली, बघ गं भरलं का. मग मी जाऊन वाफे बघून यायचे."

जब्बारभाईंनी हे सगळं दोनदा सांगायला लावलं आणि मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही गोवा पाहिला नाही. आम्ही पाळीपाळीने तिथे बसलो. सुधाने वहिनींना तिथेच जेवण भरवलं, कारण त्यांचा तो हात अडकलेला. संध्याकाळी बोट निघाली तेव्हा भोंगा झाला. असा भोंगा की माझ्या हातातला कप हलला. आम्ही सगळे श्वास रोखून भाऊसाहेबांकडे पाहत राहिलो. त्यांनी नाक खाजवलं आणि मान नीट टेकवली.

किनारा मागे जायला लागला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी एका हाताने ते पुसलं आणि दुसरा खांदा मात्र जरासुद्धा हलू दिला नाही.

बऱ्याच वेळाने भाऊसाहेब जागे झाले. इकडे तिकडे बघून म्हणाले, "गोवा कुठाय?"

"गया," जब्बारभाई म्हणाले.

* * *

त्यानंतर भाऊसाहेब तडक रिसेप्शनला गेले. तिथली मुलगी त्यांना ओळखायला लागली होती. ती आधीच उभी राहिली.

"इंजिनाच्या बरोबर डोक्यावरची केबिन हाय का रिकामी?"

तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने तोच प्रश्न पुन्हा ऐकला. "सर, उस केबिन से निकलने के लिए लोग आते हैं," तो म्हणाला.

भाऊसाहेबांनी खिशातून केशरी बोळे काढून टेबलावर ठेवले. "आता हे जब्बारभाईंच्या शेजारी जो येईल त्याला द्या."

* * *

आणि शेवटचा, माझ्या सगळ्यात आवडीचा.

लक्षद्वीपची सकाळ. आम्ही आमच्या त्याच मागच्या कोपऱ्यात चहा घेत बसलो होतो. वहिनींनी नवी साडी नेसली होती. आनंदाने त्यांना रात्रभर झोप नव्हती, म्हणून खुर्चीतच पेंगत होत्या. शेजारी भाऊसाहेब नाश्ता करून गाढ झोपलेले. जब्बारभाई बेटाकडे बोट दाखवून मला काहीतरी ओरडून सांगत होते.

बोट हळू झाली, नांगर पडला. इथे मात्र इंजिन बंद केलं. जाळ्यांतली ती घरघर आधी खाली आली आणि मग एकदम थांबली.

भाऊसाहेब ताडकन उठून बसले. डोळे अर्धवट मिटलेलेच.

"मंगल, मोटर बंद पडली. बघ गं, भरलं का."

वहिनीही दचकून उठल्या. झोपेतच त्यांनी नव्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि अनवाणी बेटाच्या उलट बाजूच्या कठड्यापर्यंत गेल्या. वाकून पाहिलं. खाली निळं पाणी होतं, समोर पाणी होतं, डावीकडे, उजवीकडे, थेट आभाळाला टेकेपर्यंत पाणी होतं. त्या बराच वेळ तशाच बघत उभ्या राहिल्या. आमच्या हातांतले कप हातांतच राहिले.

मग मागे वळून न बघता त्या म्हणाल्या, "भरलं हो. समदं भरलं. झोपा तुम्ही."