रांगेत आमच्या मागे

माझी आई कोल्हापूरची आणि वडील अरुणाचलचे. वडील सैन्यात होते, आई लष्करी इस्पितळात नर्स. तिथेच त्यांचं जमलं. निवृत्तीनंतर वडील कोल्हापुरात आले आणि तिथलेच होऊन गेले. मी वाढले ती कोल्हापुरातच. तिखटाशिवाय मला जेवण जात नाही आणि राग आला की तोंडातून कोल्हापुरीच निघतं. चेहरा मात्र सगळा वडिलांचा. शाळेत कुणी 'चिनी' म्हणून चिडवलंच तर त्याला दोन रट्टे देऊन मी मोकळी व्हायची. गल्लीत सगळ्यांना मी कुणाची हे ठाऊक होतं, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटायचं.

नोकरीसाठी लखनौला आले, तेव्हा हे ठाऊक असणारं कुणी नव्हतं. सरोजिनी नगरमध्ये जागा घेतली, ऑफिसला जायला लागले. ऑटोवाला विचारायचा, "नेपाल से हैं?" हज़रतगंजमध्ये संध्याकाळी फिरताना मागून कुणीतरी 'मोमो' असं ओरडायचं आणि वळून बघेपर्यंत गर्दीत नाहीसं व्हायचं. ऑफिसमधले एक साहेब, अगदी मनापासून, म्हणायचे, "आपकी हिंदी तो बहुत अच्छी है." माझी हिंदी अस्सल कोल्हापुरी आहे. ती चांगली नाही, हे त्यांना सांगायचा धीर मला कधी झाला नाही.

यातलं घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. फोनवर सांगायचे ते थंडीचं, धुक्याचं, इथल्या मटारांचं.

मग एका हिवाळ्यात आई आली. वडिलांचे गुडघे दुखत होते म्हणून ते घरीच राहिले. रविवारी मी आईला शहरातली एक जुनी वास्तू दाखवायला घेऊन गेले. तिने ठेवणीतली इरकल नेसली होती, वर माझं जाड जॅकेट. तिकिटाच्या खिडकीपाशी लांब रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या माणसाने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माताजी, आपका हो जाएगा. इनका फॉरेनर वाला लगेगा."

मी आधार कार्ड काढून पुढे केलं. सवयच झाली होती. त्याने ते हातातही घेतलं नाही.

"ये तो आजकल कोई भी बनवा लेता है. पासपोर्ट दिखाइए." आणि आईला म्हणाला, "आपके यहाँ काम करती है?"

आईला हिंदी बेताची येते, पण हे तिला कळलं. ती म्हणाली, "मेरी लडकी है. मेरे पोट की लडकी है."

तो हसला. मोठ्याने नाही. शेजारच्या माणसाकडे बघून नुसतं हसला, आणि आईची मान खाली गेली. इस्पितळात भल्याभल्या अधिकाऱ्यांना दटावणारी माझी आई. तिला मी अशी कधी पाहिली नव्हती. मला एकदम वाटलं, पुरे झालं, परत जाऊ या. मी तिचा हात धरून वळलेसुद्धा.

मागे एक बाई उभी होती. माझ्याहून थोडी मोठी, अंगावर तपकिरी शाल, सोबत नवरा. ती बाजूला झाली नाही. मला वाट देण्याऐवजी ती खिडकीकडे बघून शांतपणे बोलली.

"भाई साहब, इन्होंने कार्ड दिखाया है. बाक़ी किसी से तो आपने कार्ड भी नहीं माँगा."

"मैडम, आप अपना टिकट लीजिए."

"पासपोर्ट तो मेरे पास भी नहीं है. पहले इनका हो जाए, फिर हम लेंगे."

"आपको क्या दिक्कत है?"

"कोई दिक्कत नहीं. हम खड़े हैं."

आणि ती खरंच उभी राहिली. नवरा जरा संकोचला होता, पण तोही हलला नाही. मागून आवाज यायला लागले. खोटं कशाला सांगू, ते काही न्यायासाठी नव्हते. एकजण म्हणाला, "अरे दे दो यार, बच्चे ठंड में खड़े हैं." दुसऱ्याने शिवीच दिली, ती मला होती की खिडकीतल्याला, कोण जाणे. पण रांग तटली ती तटलीच. शेवटी त्या माणसाने दोन साधी तिकिटं फाडून माझ्याकडे न बघता सरकवली. माफी वगैरे काही नाही.

आत गेल्यावर आईने त्या वास्तूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हिरवळीच्या कडेला पायरीवर बसली आणि म्हणाली, "रोज असतंय काय गं असं?"

"रोज नाही."

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तू तिकडे तळमळत बसली असतीस."

तिने जॅकेटची चेन वर ओढली. मग म्हणाली, "लग्न झाल्यावर तुझ्या बाबांच्या गावी गेले, तर बघायला अख्खं गाव लोटलं होतं. बायका माझं लुगडं हातात घेऊन बघायच्या, डोळ्यांकडे बघून हसायच्या. पण मला चुलीपाशी जागा दिली गं. तू कुठली, हे नाही कुणी विचारलं."

एवढ्यात ती मघाची बाई समोर आली. पिशवीतली संत्री काढून तिने आईच्या ओंजळीत ठेवली आणि आमच्या शेजारी बसली. ती लखनौतल्याच आलमबागची, शाळेत शिकवणारी. मी आभार मानायला लागले तर म्हणाली, "छोड़िए, धूप अच्छी निकली है." मग बोलता बोलता आपणहूनच सांगितलं की गेल्या वर्षी ते दोघं भाड्याचं घर शोधत होते. घर पसंत पडायचं, बोलणी व्हायची आणि नाव सांगितलं की मालकाच्या भावाला ते घर अचानक हवं असायचं. "हर मकान मालिक का एक भाई निकल आता था," असं म्हणून ती हसली, आणि तिचा नवराही हसला. आईला आधी कळलं नाही. मी मराठीत सांगितल्यावर ती हसली नाही. तिने त्या बाईचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

संध्याकाळी मी वडिलांना फोन करून सगळं सांगितलं. सैन्यातली सगळी वर्षं, देशभरचे प्रवास. त्यांच्या वाट्याला काय काय आलं असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "आत जाऊन बघितलंत ना सगळं?" आणि मग, "त्या बाईंना माझा नमस्कार सांग."

नमस्कार सांगायला पुढच्या रविवारी आम्ही तिलाच नवऱ्यासह जेवायला बोलावलं. आईने तांबडा आणि पांढरा रस्सा केला. नवाबी शहरातल्या माणसांना जेवायला घालायचं म्हणून ती सकाळपासून धास्तावली होती. त्या बाईच्या नवऱ्याने तांबड्याचा पहिला घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो अदबीने म्हणाला, "बहुत लज़ीज़ है. थोड़ा पानी मिलेगा?" आईने पाणी दिलं आणि वर आणखी एक वाटी रस्सा वाढला. त्याने तोही संपवला. एवढी तहज़ीब मी त्यानंतर कुणात पाहिली नाही.

हज़रतगंजमध्ये मागून हाका अजून येतात. ऑफिसमधले साहेब निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्या हिंदीचं पुन्हा एकदा कौतुक केलं. पण आता या शहरात मी कुणाची हे ठाऊक असणारं एक घर आहे. आजारी पडले तर आलमबागहून डबा येतो, ईदला शीरखुर्मा खायला मी तिकडे जाते, आणि ती दुसऱ्या शाळेत मुलाखतीला निघाली की आधी माझ्याकडे येऊन इस्त्री करते, कारण तिच्याकडची वीज ऐन वेळी जाते.

आई दर रविवारी फोन करते. पहिला प्रश्न असतो, "ती बरी आहे ना?" ती म्हणजे कोण, हे मला विचारावं लागत नाही. माझी चौकशी त्यानंतर होते.