गुडघा दुमडायला मलकापूरला

पाय वाटेत येतो म्हणून लेकराला वर्गाबाहेर ओट्यावर बसवायचं, ही कुठली रीत? मास्तर, तुम्हालाच विचारते आहे. शाळेत बाकं नाहीत, तरटपट्टी आहे, हा काही माझ्या नातीचा गुन्हा नाही. असो. आता शाळेत जमलेल्या सगळ्यांना रामराम.

नात म्हणजे शेवंता. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय लुळा पडला. दवाखान्यानं दिलेल्या लोखंडी पट्ट्या बांधून ती चालते, पण त्या पट्ट्यांचा गुडघा वाकत नाही. खाली बसली की पाय बल्लीसारखा समोर, थेट पुढच्या पोराच्या पाठीत. ओट्यावरून फळा दिसत नाही आणि पोरगी हुशार. मलकापुरात एक मिस्त्री, कापसाच्या जिनिंगमधला जुना फिटर, अशा पट्ट्या करून देतो असं कळलं. निघालो.

तुम्हाला जायचं असेल तर डोणगावहून सकाळचीच एस.टी. धरा. ज्याचा पाय सरळ राहतो त्यानं मागच्या लांब बाकावर मधोमध बसावं, समोर वाट मोकळी असते. मेहकरला कंडक्टर मला म्हणाला, "बुढे, पोट्टीचा पाय काढून ठेवता येते काय?"

"तुह्या गाडीची घंटी काढून ठेव आधी," मी म्हटलं.

बुलढाण्याच्या स्टँडवर चहा पाणचट, भजे चांगले. पुढं राजूरचा घाट. शेवंता खिडकीतून दरीत डोकावत होती, मी डोळे मिटून होते. मलकापुरात स्टेशनजवळची धर्मशाळा स्वस्त पडते. अंथरूण आपलं न्या, ढेकूण तिथले आहेत.

मिस्त्री भला माणूस, पण विचारायचा सगळं मला. "दुखते काय तिले?" "नाही." "किती चालते?" "विहिरीपावतर." शेवंता आमच्या तोंडाकडं बघत उभी.

आधी त्यानं बांबूच्या कामट्यांना पेटीच्या बिजागऱ्या ठोकून नमुना केला. उभी राहिली तर गुडघा मोडला आणि पोरगी मिस्त्रीच्याच अंगावर! "बाप्पा, हे तं भलतंच वाकते!" तो हसला, तीही हसली.

दुसऱ्या दिवशी लोखंडाचं केलं. सांध्यावर दोन कड्या. उभं राहिलं की त्या खाली घसरून सांधा धरून ठेवतात, बसताना हातानं वर उचलायच्या.

"आता बस," मिस्त्री म्हणाला. पोरगी बसेना.

"बस ना वो माय," तो पुन्हा म्हणाला.

"खांब झाली काय वो तू?" मी ओरडले. तरी नाही.

मिस्त्रीनं मलाच विचारलं, "बाई, कुठी टोचते काय तिले?"

"मले काय ठाव? पाय तिचा, तिले विचारा!"

तेव्हा तो पहिल्यांदा तिच्याकडं वळला. ती खाली बघत म्हणाली, "कड्या परकराच्या आतून हायेत. उचलाले परकर वर करावा लागते. वर्गात पोट्टे असतात."

मी चार लेकरं वाढवलेली, मिस्त्री पोरींचा बाप. दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मंग कसं करू?" त्यानं विचारलं. तिलाच.

"नाडी लावा. कंबरेपावतर."

दोन्ही कड्यांना एक नाडी बांधून आतून कंबरेपर्यंत आणली. तिनं ओढली तर अडकली. मिस्त्री उठला. "थांबा," ती म्हणाली. भिंतीला हात टेकला, त्या पायावरचा भार काढला, पुन्हा ओढली. खट्! सावकाश खाली बसली. मांडी जमली नाही, पण पाय दुमडून एका अंगाला घेतला. लोखंडाच्या किसात बसली होती, तरी बराच वेळ उठायचं नाव नाही.

येताना तीच वाट, तेच भजे. आता ती वर्गात दुसऱ्या ओळीत बसते. खट् झालं की पोरं मागं वळतात. वळू द्या. मांडीला बांधायचा चामड्याचा पट्टा घामानं चावतो, त्याला आत जुनं लुगडं शिवून घ्या. नाडी तुटते, एक जास्तीची दप्तरात ठेवा.

गावात अजून सगळे मलाच गाठतात, पोरीला कसं वाटतं, पट्ट्या जड होतात काय. मिस्त्रीचा पत्ता मी सांगेन. पायाचं काही विचारायचं असेल तर ती समोर बसली आहे, तिला विचारा. मास्तर, तुम्हीसुद्धा. आणि शेवंते, माझ्या तोंडाकडं बघायचं नाही. उत्तर तू द्यायचं.