कमांडभोवतीची चौकट

आनंदनगरच्या एमआयडीसीत आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. कारखान्यांत मालावरची लेबलं छापणारा प्रोग्रॅम आम्ही विकतो, आणि त्याचं माहितीपुस्तक लिहिणं हे माझं काम. लोकांना हे काम रुक्ष वाटतं. वाटू दे! मी त्यातली गंमत सांगायला लागले की घरचे टीव्हीचा आवाज वाढवतात.

उल्हासनगरच्या एका पापडाच्या कारखान्यातून लेबल निघत नाही असे आम्हाला सारखे फोन यायचे, म्हणून मी स्वतःच गेले. लेबलांच्या संगणकावर एक बाई बसल्या होत्या. वांगणीकडच्या पाड्यावरून येणाऱ्या, इतकी वर्षं हाताने पाकिटं भरलेल्या. शेठने त्यांना बजावलं होतं, "कंपनी को फोन किये बिना लेबल निकालो, तो सुबह की शिफ्ट तुम्हारी. नहीं तो दूसरा आदमी रखूंगा." हे मला बाईंनीच सांगितलं. वर म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या पुस्तकाच्या पानावर हाय तसंच टाइप करते मी. तरी याचं डोकं फिरतं."

मी शेजारी बसून पाहिलं. खरंच, आहे तसंच! कमांडच्या, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकुमाच्या, ओळीच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्ह संगणक स्वतःच दाखवतो, तेही त्यांनी टाइप केलं. कंसात 'प्रिंटरचं नाव' छापलं होतं, तिथे आपल्या प्रिंटरचं नाव घालायचं, तर त्यांनी तेच शब्द कंसासकट टाइप केले. कमांडखाली संगणकाचं उत्तर छापलं होतं, तेही निगुतीने उतरवलं. फळ्यावरचं सगळं उतरवायचं, हेच तर आपण सगळे शाळेत शिकलो. आणि पानावर सगळं एकाच ठशात, एकाखाली एक. आपलं कुठलं आणि संगणकाचं कुठलं, हे कळणार कसं?

पुस्तकातलं तेवढं पान आमच्या प्रोग्रॅमरने लिहिलं होतं. तो म्हणाला, "डॉलर टाइप करायचा नसतो, हे सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना म्हणजे तुला," मी म्हटलं आणि पान ताब्यात घेतलं.

मग काय, माझ्या अंगातच आलं! डॉलर उडवला. बदलायचा शब्द लाल केला, संगणकाचं उत्तर फिकट राखाडी. स्क्रीनवर इतकं देखणं दिसत होतं की मी टेबलाभोवती एक फेरी मारली. पण आमच्याकडच्या कारखान्यांत पुस्तक स्क्रीनवर कोण वाचतं? हवं ते पान झेरॉक्स करायचं, लॅमिनेट करायचं आणि मशीनशेजारी सुतळीने टांगायचं. झेरॉक्सवाल्याने पान हातात दिलं तेव्हा लाल काळं झालं होतं आणि राखाडी पार गायब. दुकानातच मला हसू फुटलं.

रंग गेले खड्ड्यात. कमांडभोवती जाड चौकट काढली, वर लिहिलं, 'एवढंच टाइप करा'. उत्तर चौकटीच्या बाहेर, 'संगणक असं सांगेल'. प्रिंटरच्या नावासाठी कमांडमध्ये मोकळी जागा ठेवली. लॅमिनेशनवर मार्करने आपल्या प्रिंटरचं नाव लिहायचं आणि मग, आहे तसंच टाइप करायचं! हे सुचलं तेव्हा मी रिक्षात एकटीच टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान घेऊन कारखान्यात गेले. परीक्षेपुरतं शेठने बाईंनाही सकाळी बोलावलं होतं. शेठ हात मागे बांधून उभे होते. मला बोलायची बंदी. बाईंनी मार्करने नाव लिहिलं, चौकटीतलं टाइप केलं, एंटर दाबलं. स्क्रीनवर उत्तर उमटलं. त्यांची बोटं पुन्हा कीबोर्डकडे गेली. आता उत्तरही उतरवणार की काय! मग त्यांनी पानाकडे पाहिलं, चौकटीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि हात मांडीवर ठेवले.

प्रिंटर घरघरला. लेबल बाहेर आलं!

त्या कारखान्यात दिवसाचं पहिलं पाकीट देवाच्या फोटोपुढे जातं. बाईंनी त्या दिवशी पहिलं लेबल ठेवलं आणि हात जोडले.

"फोन किया था?" शेठने विचारलं.

"नाय केला."

"तो फिर कल से सुबह आना," म्हणत शेठ आत गेले.

मी आनंदाने बाईंना मिठीच मारली. माझ्या ड्रेसला पापडाचं पीठ लागलं. त्या मात्र सुतळी शोधत होत्या. पान मशीनशेजारी टांगून त्यांनी गाठीवर गाठ मारली आणि म्हणाल्या, "आता इथून हे पान आन् मी, दोघांना पण कोणी हलवायचं नाय."