दिव्यापुढची एक चांगली गोष्ट

छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौसर मध्यप्रदेशातच राहिलं आणि तिथल्या शाळेत मराठी शिकवणारे यादवराव गुरुजी बदलीच्या धास्तीनं सैरभैर झाले. दिवसातून तीनदा पोस्टात खेटे घालू लागले.

दिवा लागला की दिवसातली एक चांगली गोष्ट सांगून देवाचे आभार मानायचे, हा त्यांच्या घरचा नेम. तो त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी घातलेला, म्हणजे मोडायची सोय नाही.

"आज काय चांगलं झालं जी?"

"बदलीची ऑर्डर नाही आली."

महिनाभर देवानं हेच ऐकलं.

एकदाची ऑर्डर आली. गुरुजी सौसरलाच राहणार! त्या संध्याकाळी त्यांनी देवाचे तीनतीनदा आभार मानले. दुसऱ्या संध्याकाळी मात्र दिव्यापुढे नुसती चुळबुळ.

"कालचं झालं. आजचं सांगा."

"आज... अंबाडीची भाजी फक्कड होती."

"अगाई! वांगी होती. महिन्यापासून तुमी जेवून राहिले का ऑर्डर चावून राहिले?"

गुरुजी ओशाळून उठले, चुलीजवळ गेले, झाकण काढून उरलेली एक फोड तोंडात टाकली आणि सावकाश चावली. मग परत येऊन त्यांनी हात जोडले.

"देवा, वांगी झणझणीत होती."